डेंग्यूचा विषाणू आणि रांजणातले पाणी

(शेगाव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात पाण्याचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे आहे. विहीर भरलेली असली तरी घोटभर पाणी तोंडात घेण्याची सोय नाही. शेगाव याच पट्ट्यात वसलेले आहे. गजानन महाराजांनी कोरड्या विहिरीला पाणी आणल्याची कथा या मुलखात घरोघर सांगितली जाते, यात नवल ते काय? गोडे पाणी दूरवरून नळाने यायचे, ते रोज येईलच याची खात्री नाही, म्हणून आले त्या दिवशी ते भरून ठेवायचे, हा इथल्या संसाराचा नियम आहे. माठ, रांजण, हौद, टाकी आणि आता प्लॅस्टिकचे ड्रम ही या घरांची हौस नव्हे. ती त्यांची गरज आहे.

डेंग्यूचा डास नेमका याच पाण्यात वाढतो. गटारात नव्हे, उकिरड्याशेजारच्या घाण डबक्यात नव्हे, तर माणसांनी जपून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात. म्हणून दर पावसाळ्यात भिंतीवर उपदेश झळकतो : पाणी साठवू नका. मोठ्या शहरांतून तर ज्या घरात डासाच्या अळ्या सापडतात त्या घराला नोटीस जाते, दंडही होतो. ज्या घरी चार-चार दिवसांनी पाणी येते त्या घरातील बाईने हा उपदेश वाचून काय करावे, हे मात्र भिंतीवर लिहिलेले नसते. डेंग्यूविषयी शास्त्राने सव्वाशे वर्षांत काय सिद्ध केले आणि त्यातून कोणाच्या माथी कोणती जबाबदारी येते, याचा विचार राजकीय कार्यकर्त्याने करणे म्हणूनच अगत्याचे आहे. हा केवळ डॉक्टरांचा विषय नव्हे.

हा रोग जुना आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७८० साली आलेल्या अशाच एका तापाच्या साथीचे वर्णन बेंजामिन रश या वैद्याने करून ठेवले आहे. हाडे मोडल्यासारख्या वेदना होतात म्हणून मराठीतही त्याला हाडमोडी ताप असे नाव पडले. परंतु तो होतो कशाने, हे पुढे शंभर वर्षे कोणाला उमगले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी तो डासांमुळे पसरतो असे दाखवणारे प्रयोग सुरू झाले. ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्ट यांनी १९०६ साली एडिस इजिप्ती या डासाकडे बोट दाखवले. १९०७ साली फिलिपाइन्समध्ये अॅशबर्न आणि क्रेग या लष्करी डॉक्टरांनी रुग्णाचे रक्त अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले आणि जिवाणू अडतील अशा त्या गाळणीतूनही रोगाचे कारण पार होते, हे सिद्ध केले. रोगाचे मूळ जिवाणूहूनही लहान आहे, असा त्याचा अर्थ होता.

तो विषाणू हाती यायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४३ साली नागासाकीच्या साथीत होत्ता आणि किमुरा या जपानी संशोधकांनी तो वेगळा केला. तिकडे पॅसिफिकमधील बेटांवर आणि कलकत्त्यात अमेरिकन सैनिक तापाने आडवे होत होते. त्यांच्या रक्तातून आल्बर्ट सेबिन यांनी तो मिळवला. पुढे पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीमुळे जगाला ठाऊक झालेले सेबिन ते हेच. वसाहतींतील कष्टकरी लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या तापाने कण्हत होते, त्याच्या संशोधनाला वेग आला तो फौजांची कूच अडू लागली तेव्हा. विज्ञानाचे निष्कर्ष निःपक्ष असतात. कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा हे मात्र ज्यांच्या हाती साधने असतात ते ठरवतात. ही गोष्ट विसरता कामा नये.

सेबिन यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. या विषाणूच्या जाती एकाहून अधिक आहेत. एका जातीचा ताप येऊन गेला की त्या जातीपासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण दुसऱ्या जातीपासून मिळणारे संरक्षण थोड्याच महिन्यांत ओसरते. १९५६ साली मनिला येथील साथीत आणखी दोन जाती सापडल्या आणि एकूण संख्या चार झाली. त्या साथींत मुलांना रक्तस्राव होत होता, ती अचानक गार पडून दगावत होती. बँकॉकमध्ये काम करणाऱ्या स्कॉट हॉलस्टेड यांनी यामागचे कोडे उलगडण्याचा प्रयत्न केला. हा गंभीर आजार बहुधा दुसऱ्या वेळच्या संसर्गात होतो, असे त्यांना दिसून आले. पहिल्या संसर्गात शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या जातीच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत; उलट ज्या पांढऱ्या पेशींत त्याला वाढायचे असते त्यांच्यात शिरण्याची वाट त्याला मोकळी करून देतात. घराच्या राखणदारानेच चोराला कडी काढून द्यावी, तसा हा प्रकार आहे. एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, हा गोवर-कांजिण्यांच्या बाबतीतला समज डेंग्यूला लागू पडत नाही, तो यामुळे.

या संशोधनात भारताचा आणि महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली ही संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. १९६३ साली कलकत्त्यात डेंग्यूची मोठी साथ आली आणि प्रयोगशाळेत खात्री पटलेली ती देशातील पहिली मोठी साथ ठरली. १९६५ साली नागपुरात तापाची साथ पसरली. डेंग्यू आणि चिकुनगुन्या असे दोन्ही रोग तेथे होते. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा दोन रुग्णांच्या नमुन्यांत या दोहोंपैकी एकही नसलेला, जगाला तोवर अपरिचित असा विषाणू सापडला. प्रवीण भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. नागपूरच्या चांदीपुरा भागावरून त्याला चांदीपुरा हे नाव मिळाले. त्या वेळी तो एक शास्त्रीय कुतूहलाचा विषय वाटला. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने दीडशेहून अधिक मुले दगावली, तेव्हा त्यामागे हाच विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. २०२४ साली गुजरातेत तो पुन्हा उग्रपणे प्रकटला. अडतीस वर्षांपूर्वी विदर्भातील दोन तापकऱ्यांच्या रक्ताची कसोशीने तपासणी झाली नसती, तर आंध्रातील त्या बालकांचा मारेकरी ओळखण्यास किती काळ गेला असता?

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाचे समर्थन याहून वेगळे काय करायचे? त्याचे फळ आज दिसत नाही, उद्याही दिसेलच असे नाही. पण ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ते विकत मिळत नाही. डेंग्यूच्या निदानासाठी सरकारी रुग्णालयांना पुरवला जाणारा तपासणी संच याच पुण्याच्या संस्थेत तयार होतो, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

शेगाव तालुक्याला संशोधनाचा अनुभव नवा नाही. जानेवारी २०२५ मध्ये तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. वैद्यक संशोधन परिषदेची पथके आली. रक्ताचे, केसांचे, मातीचे, पाण्याचे नमुने घेतले गेले. आधी पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्या दिवसांत अफवांना ऊत आला होता आणि ज्यांचे केस गेले त्यांना हेटाळणीही सोसावी लागली. नमुना देणारा माणूस हा संशोधनाचा केवळ कच्चा माल नव्हे. तपासणीत काय आढळले हे त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. हा शिष्टाचाराचा प्रश्न नसून हक्काचा आहे.

आता पुन्हा डासाकडे वळू. एडिस इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेतला डास. तेथील रानांत तो झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढे आणि जनावरांना चावे. त्याला माणसाची चटक का लागली? अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नोआ रोझ आणि लिंडी मॅकब्राइड यांनी सहकाऱ्यांसह सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील २७ ठिकाणांहून या डासाची अंडी गोळा केली आणि त्यातून निपजलेल्या डासांची आवड तपासली. २०२० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मननीय आहे. जिथे कोरडा, उष्ण उन्हाळा दीर्घ असतो, तिथलाच डास माणसाकडे अधिक ओढला जातो. दाट शहरी वस्ती हे त्याखालोखालचे कारण. कोरड्या ऋतूत रानात पाणी उरत नाही. ते माणसाच्या रांजणात तेवढे उरते. डासाने पाण्यासाठी माणसाचे घर गाठले आणि मग तो माणसाचाच झाला. डेंग्यूच्या मुळाशी पाण्याची टंचाई आहे, हे विधान म्हणजे सभेतली अतिशयोक्ती नाही.

या डासाची मादी दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यावर साधारण आठ ते बारा दिवसांनी ती रोग पसरवू लागते. ती आपली अंडी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, या सूचनेमागील शास्त्र ते हेच. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. आतून घासावे लागते. विदर्भात तर घरोघरी कूलर आहेत. उन्हाळा सरला की ते कोपऱ्यात उभे राहतात आणि तळाशी राहिलेल्या पाण्याकडे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी पाहत नाही.

डेंग्यू हा शहराचा रोग, असे म्हणण्याची प्रथा आहे. १९९६ साली दिल्लीतील साथीत दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेल्यावर ती अधिकच रूढ झाली. परंतु २०१७-१८ मध्ये वैद्यक संशोधन परिषदेने १५ राज्यांत केलेल्या पाहणीत वेगळे चित्र दिसले. ५ ते ४५ वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या लोकांना डेंग्यू कधी ना कधी होऊन गेला होता. शहरांत हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते हे खरे. पण खेड्यांतही ते सुमारे ४२ टक्के होते. व्हिएतनाममधील एका अभ्यासाने त्याचे मर्म दाखवून दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे साडेतीन लाख लोकसंख्येची माहिती तपासली गेली. ज्या वस्त्या पुरेशा दाट होत्या पण जिथे नळ नव्हते, म्हणजे मोठी खेडी आणि शहरांच्या कडा, तिथे डेंग्यूचा धोका सर्वाधिक होता. ना धड गाव, ना धड शहर अशा ज्या वस्त्या आज महाराष्ट्रभर वाढत आहेत, त्यांचेच हे वर्णन नाही काय?

मग औषधाचे काय, लसीचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. या विषाणूला मारणारे औषध अद्याप उपचारात आलेले नाही. लसीचा इतिहास तर सावधगिरी शिकवणारा आहे. सनोफी या फ्रेंच कंपनीच्या लसीला २०१५ साली प्रथम मेक्सिकोत परवानगी मिळाली. २०१६ साली फिलिपाइन्सने शाळकरी मुलांना ती टोचण्याची मोहीम काढली आणि आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही अशांना लसीनंतर डेंग्यू झाल्यास तो अधिक गंभीर होण्याचा संभव आहे. हॉलस्टेड यांनी कित्येक वर्षांपूर्वी मांडलेलाच हा धोका होता. त्यांनी आधी इशाराही दिला होता. मोहीम थांबली, परंतु पालकांचा विश्वास इतका खचला की गोवरासारख्या जुन्या, खात्रीच्या लसींकडेही त्यांनी पाठ फिरवली. भारतात वैद्यक संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर एका लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली. तिचे स्वागत करावे. पण घाई न करता, सर्व निष्कर्ष उघड्यावर मांडून ती पूर्ण व्हावी, असा आग्रहही धरावा. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात वोल्बाखिया नावाचे जिवाणू असलेले डास सोडून डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. हेही आशेचे किरण होत. परंतु यांतले काहीही उद्या सकाळी शेगावच्या गल्लीत येणार नाही.

तोवर माणसे आजारी पडतात आणि भीतीपोटी लुटली जातात. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, कमी झाल्याचा कागद हाती आला की घरातले लोक दागिने मोडायला निघतात. वास्तविक रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा घसरला म्हणून बिंबिका चढवण्याने लाभ होत नाही, हे सिंगापूर व मलेशियातील ३७२ रुग्णांवरील चाचणीने २०१७ साली दाखवले आहे. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रक्तस्राव नसलेल्या रुग्णासाठी दहा हजारांच्या खालची मर्यादा सांगितली आहे. खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याचा. आणि तो बहुधा ताप उतरताना येतो, जेव्हा घरचे निर्धास्त होतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण ग्लानी वा अस्वस्थता दिसली तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे. वेळेवर योग्य प्रमाणात द्रव दिला, तर गंभीर डेंग्यूतही शंभरांपैकी नव्व्याण्णव रुग्ण वाचतात. एवढे ज्ञान घरोघर पोचवणे हीसुद्धा सेवा आहे.

साथींनो, यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? मेक्सिको आणि निकाराग्वा या देशांत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथील वस्त्यांमध्ये लोकांना त्यांच्याच वस्तीतील डासांची व संसर्गाची माहिती दाखवली गेली आणि उपाय काय करायचे ते त्यांनीच ठरवावे, असे सांगितले गेले. त्यांनी विषारी रसायन न वापरता घरोघरची भांडी तपासली, अळ्या काढल्या. अशा वस्त्यांत मुलांमधील डेंग्यूचा संसर्ग इतर वस्त्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिला. लोकांना दंड करून नव्हे, तर त्यांना सहभागी करून घेऊन हे साधले. साथीच्या वेळी गल्लीतून धुराचे यंत्र फिरवले की काम झाल्याचा आभास निर्माण होतो. पण धुराने उडणारे काही डास मरतात, रांजणातल्या अळ्या तशाच राहतात.

खारपाण पट्ट्यात कार्यकर्त्याने घरी जाऊन पाणी साठवू नका असे सांगू नये. ते सांगणे अशास्त्रीय आहे आणि निर्दयही आहे. साठवलेले पाणी झाका, झाकण नसेल तर कापड बांधा, आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करा, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, हे सांगावे. आणि नुसते न सांगता म्हाताऱ्या माणसाचा जड रांजण उलटा करायला हात लावावा. ग्रामपंचायतीकडे आणि नगरपालिकेकडे मात्र वेगळी मागणी करावी. पाणी कोणत्या दिवशी, किती वेळ येणार याचे वेळापत्रक जाहीर करा आणि ते पाळा. उपकेंद्रात तापाच्या रुग्णाचे रक्त घेऊन ते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विनाविलंब पोचवण्याची व्यवस्था करा. अळ्यांची पाहणी बारमाही करा आणि तिचे निष्कर्ष गावच्या फळ्यावर लिहा. आठवड्याच्या पाहणीने जे कळते ते साथ येण्यापूर्वी कळते. रुग्णालयात जे कळते ते साथ आल्यावर.

होत्ता आणि किमुरांपासून नागपूरच्या त्या तापकऱ्यांच्या रक्ताचे नमुने पुण्यात तपासणाऱ्या शास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी या रोगाचे एकेक कुलूप उघडले. विषाणू ओळखला गेला, डास ओळखला गेला, तो कुठल्या भांड्यात जन्मतो हेही कळले. त्या भांड्याची गरज का पडते, हे शोधायला मात्र सूक्ष्मदर्शक लागत नाही. ज्या दिवशी खारपाण पट्ट्यातील प्रत्येक नळाला रोज गोडे पाणी येईल, त्या दिवशी रांजण आपोआप हलके होतील. तोवर पाणी साठवणाऱ्या बाईला अपराधी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.